कॉर्व्हेअरचा फॅन बेल्ट पुन्हा पुन्हा उतरतोय? बेल्ट बदलणं थांबवा, पुल्या तपासा

लक्षण आधी सांगतो, म्हणजे ज्यांना हाच त्रास आहे त्यांना लगेच ओळख पटेल. इंजिन चांगलं तापलेलं, गाडी हायवेला लागलेली, वेग पन्नास-पंचावन्न मैलांचा. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरून पाय झटकन उचलला किंवा घाईनं वरचा गिअर टाकला, की मागून ‘थप्’ असा एकच आवाज येतो आणि डॅशबोर्डवर ‘जेन-फॅन’ लिहिलेला दिवा लागतो. इंजिन उघडून बघावं, तर बेल्ट पुलीवरून उतरून बाजूला पडलेला असतो, नाहीतर खाचेत उलटा फिरून अर्धवट फाटलेला. नवा बेल्ट घातला की दीडशे-दोनशे मैल सगळं सुरळीत, मग पुन्हा तेच. दोन उन्हाळ्यांत माझे सात बेल्ट गेले.

गाडी १९६१ ची शेवरले कॉर्व्हेअर लेकवूड, म्हणजे मागे इंजिन असलेल्या कॉर्व्हेअरची स्टेशन वॅगन. आज कॉर्व्हेअर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दोन दारांची मोंझा येते. वॅगन होती हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं.

कारण शोधायच्या आधी एक गोष्ट. तो दिवा लागला की गाडी तिथल्या तिथे कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. पुढचं एक्झिट गाठू, पेट्रोल पंपापर्यंत जाऊ, असं अजिबात म्हणू नका. इतर जुन्या गाड्यांत बेल्ट तुटला तर रेडिएटरमधलं पाणी तुम्हाला थोडा वेळ सांभाळून घेतं. कॉर्व्हेअरला रेडिएटर नाही आणि पाणीही नाही. सहा सिलिंडर आडवे, तीन डावीकडे नि तीन उजवीकडे, त्यांच्यावर आडवा ठेवलेला एक मोठा पंखा, आणि तो फिरवणारा हा एकच बेल्ट. पंखा थांबला की थंड करणारं दुसरं काहीच उरत नाही. हेड, म्हणजे सिलिंडरची झाकणं, ॲल्युमिनियमची आहेत आणि व्हॉल्व्हच्या सीट, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतात त्या कड्या, त्यांत दाबून बसवलेल्या असतात. हेड बेसुमार तापलं की सीट सैल होते आणि सुटते, मग काम थेट इंजिन उतरवण्यावर जातं. चाळीस डॉलरच्या आतल्या बेल्टपायी एवढं मोठं काम अंगावर घेतलेले लोक मी पाहिले आहेत.

गोंधळ दिव्याच्या नावानं होतो. तोच बेल्ट जनरेटरही फिरवतो, म्हणून दिवा दोघांना मिळून एक. अर्धी माणसं ‘जेन’ एवढंच वाचतात आणि समजतात की बॅटरी चार्ज होत नाहीये, घरी जाऊन बघू. त्याच्या शेजारचा दुसरा दिवा हेडचं तापमान आणि ऑइलचं प्रेशर यांचा आहे. तो लागेपर्यंत थांबलात तर उशीर झाला.

आता लेकवूडची खास अडचण. सेडान-कूपेमध्ये मागचं झाकण उचललं की इंजिन समोर असतं. वॅगनमध्ये इंजिन सामानाच्या फळीखाली आहे. फळीतलं झाकण उघडायचं तर वरचं सगळं सामान खाली उतरवावं लागतं. माझा पाचवा बेल्ट गेला तो गणपतीच्या आदल्या संध्याकाळी, मिशिगनमधल्या एम-१४ हायवेवर. गाडीत मंडळाच्या गणपतीचं मखर होतं, थर्माकोलचे खांब, तोरणं, दोन समया आणि प्रसादाची भांडी. ते सगळं आम्ही नवरा-बायकोनं रस्त्याकडेच्या गवतावर एकेक करून मांडलं, बायकोनं विजेरी धरली आणि मी पालथा पडून बेल्ट चढवला. ट्रक शेजारून जायचे तेव्हा मखराचा खांब हातानं दाबून धरावा लागत होता. त्या रात्री घरी पोचल्यावर मी ठरवलं की आता बेल्ट बदलायचा नाही, कारण शोधायचं.

माझे मामा वाळव्याला पिठाची गिरणी चालवायचे. ऑइल इंजिन एका खोलीत, जातं दुसऱ्या खोलीत आणि मध्ये भिंतीतल्या भोकातून जाणारा लांब पट्टा. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मी त्या पट्ट्याकडे तासन् तास बघत बसायचो. पट्टा उतरला की मी मामांना म्हणायचो, नवा आणा. मामा म्हणायचे, “पट्ट्याला काय म्हणू नगंस. पुली दावंल तिकडं त्यो जातोय.” मग ते जात्याच्या पुलीमागे डोळा लावून बसायचे, सूत ताणायचे आणि जात्याच्या बैठकीखाली पाचर ठोकायचे. पट्टा तोच असायचा, पण पुन्हा उतरायचा नाही. हे मला अमेरिकेत चाळीस वर्षांनी आठवलं. पहिल्याच बेल्टला आठवलं असतं तर बरं झालं असतं.

कारण कॉर्व्हेअरचा बेल्ट गिरणीच्या पट्ट्यापेक्षा कितीतरी नाजूक वाटेनं जातो. क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची पुली गाडीच्या मागच्या टोकाला उभी. तिच्यावरून बेल्ट वर चढतो तो एका बाजूला आयडलर पुलीवर (ही फक्त बेल्टला वळण आणि ताण देते) आणि दुसऱ्या बाजूला जनरेटरच्या पुलीवर. या दोन्ही पुल्यासुद्धा उभ्याच, पण क्रँकच्या पुलीशी काटकोनात. तिथून बेल्ट पुढे आडवा जातो आणि पंख्याच्या सपाट पुलीला वळसा घालतो. म्हणजे प्रत्येक टप्प्यात त्याला पाव वळसा पीळ बसतो, एका फेरीत चार वेळा. शेवरलेचे तेव्हाचे प्रमुख एड कोल यांच्या हाताखाली हे इंजिन आखलं गेलं तेव्हा पंखा आडवा ठेवल्यामुळे इंजिनाची उंची कमी झाली, आणि म्हणूनच वॅगनमध्ये ते फळीखाली मावलं. किंमत या पिळाच्या बेल्टनं चुकवली.

पीळ असलेला बेल्ट टिकायचा तर एकच अट आहे: एका पुलीवरून निघालेला बेल्ट पुढच्या पुलीच्या खाचेत अगदी सरळ शिरला पाहिजे. निघताना तो थोडा तिरका निघाला तर चालतं, शिरताना तिरका चालत नाही. दोन-तीन मिलिमीटरनं चुकला तर साध्या वेगात काही जाणवत नाही. पण वरचा पंखा जड असतो, एकदा फिरायला लागला की जात्यासारखी गती धरून राहतो. तुम्ही पाय उचलता तेव्हा इंजिन चटकन मंदावतं, पंखा मंदावायला तयार नसतो आणि उलट तोच बेल्टला ओढायला लागतो. बेल्टची जी बाजू ढिली होती ती ताणली जाते आणि ताणलेली बाजू ढिली होऊन फडफडते. तिरक्या शिरणाऱ्या बेल्टला खाचेबाहेर पडायला तेवढा क्षण पुरतो. बेल्ट नेहमी पाय उचलताना किंवा गिअर बदलतानाच का उतरतो, याचं उत्तर हे आहे.

आता तपासणी. मी ज्या क्रमानं केली त्याच क्रमानं सांगतो, चुकांसकट.

पहिला संशय बेल्टवरच जातो आणि तो पूर्ण चुकीचा नसतो. माझे पहिले दोन बेल्ट खरोखरच चुकीचे होते. दुकानात मापानं मिळालेला, कडा कापलेला, आतून दातेरी असा आधुनिक बेल्ट मी घेतला होता, कारण तो जास्त मजबूत म्हणून देण्यात आला. कॉर्व्हेअरला हवा बाहेरून पूर्ण कापडानं मढवलेला जुन्या पद्धतीचा बेल्ट. मढवलेला बेल्ट गरज पडली की खाचेत किंचित घसरतो. मघाशी सांगितलेला पंख्याचा झटका येतो तेव्हा ते किंचित घसरणंच त्याला वाचवतं. कापलेल्या कडांचा बेल्ट खाचेला घट्ट पकडून ठेवतो, घसरत नाही, म्हणून उलटा होतो. या गाडीसाठी खास बनवलेले बेल्ट मॅसॅच्युसेट्समधल्या शेलबर्न फॉल्सच्या क्लार्क्स कॉर्व्हेअर पार्ट्सकडे मिळतात. मी तिसऱ्यापासून तेच वापरतो.

दुसरी चूक ताणाची, आणि ही सगळ्यात जास्त लोक करतात. बेल्ट उतरतो म्हणजे ढिला असणार, असं वाटून माणूस तो आणखी आवळतो. आवळला की पिळाच्या जागी बेल्टवर जोर वाढतो, पंख्याच्या आणि आयडलरच्या बेअरिंगवर भार येतो आणि घसरण्याची सवलत संपते. म्हणजे तो उतरायची शक्यता उलट वाढते. ताणाचं माप हातानं कळतं: इंजिन बंद आणि थंड असताना जनरेटरची पुली पंजानं पकडून फिरवून बघा. थोडा जोर लावल्यावर ती बेल्टमध्ये घसरून फिरली पाहिजे. अजिबात हलली नाही तर बेल्ट फार घट्ट आहे. दोन बोटांनी सहज फिरली तर फार ढिला. आपल्याला इतर गाड्यांची सवय असल्यामुळे योग्य ताण सुरुवातीला ढिलाच वाटतो. नवा बेल्ट थोडा ताणतो, म्हणून पहिली छोटी फेरी मारून आल्यावर पुन्हा बघायचं.

यानंतर खाचा. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत पुलीच्या खाचेत गंज धरतो, आणि गंजाचे खड्डे बेल्टचं कापड खवणीसारखं खातात. बोट फिरवून बघा, खडबडीत लागलं तर बारीक पॉलिश पेपरनं घासून साफ करा. कोणी पूर्वी बेल्ट चढवताना स्क्रू ड्रायव्हरनं उचकला असेल तर पुलीची कड वाकलेली सापडते. माझ्या आयडलरच्या कडेला असा एक दबका होता. मी आयडलर बदलला. मनात म्हटलं, सापडलं. सहावा बेल्ट एकशे सत्तर मैलांवर गेला.

बेअरिंग तपासायला बेल्ट पूर्ण काढा आणि पंखा हातानं फिरवा. खरखर लागली, किंवा पंख्याची कड वर-खाली हलली, तर बेअरिंग गेलं. यातलं ग्रीस दशकांनी सुकतं. तोच प्रयोग आयडलरवर आणि जनरेटरवर करा. माझं पंख्याचं बेअरिंग चांगलं निघालं, पण हा प्रयोग कधीही वगळू नका, कारण ते बेअरिंग जाम झालं तर बेल्ट जळतो आणि वास येईपर्यंत कळत नाही.

पंखा काढलाच असेल तर त्याला चुंबक लावून बघा. सुरुवातीच्या वर्षांतले पंखे पोलादी आणि जड. पुढे मॅग्नेशियमचे हलके पंखे आले, मुख्यतः हा झटका कमी करायला. चुंबक चिकटला तर तुमच्याकडे जड पंखा आहे. तो वाईट नाही, पण जुळणीतली चूक तो अजिबात खपवून घेत नाही. माझा चिकटला.

पुल्यांभोवती पत्र्याचे छोटे गाइड असतात, बेल्ट फडफडला तर त्याला खाचेकडे परत ढकलणारे. एखादा गाइड नसेल तर मिळवून बसवा; वाकलेला असेल तर असा सरळ करा की तो बेल्टला घासणार नाही, पण जवळ राहील. गाइड ही शेवटची राखण आहे. बेल्ट सतत गाइडला घासत असेल, त्यावर चकचकीत रेघ पडली असेल, तर समजा की जुळणी बिघडलेली आहे आणि गाइड एकटाच किल्ला लढवतोय. माझ्या आयडलरच्या गाइडवर अशी रेघ होती. मी ती पाहिली, गाइड थोडा मागे वाकवला आणि पुढे गेलो. इथे थांबायला हवं होतं.

सातवा बेल्ट गेल्यावर मी शेवटी मामांसारखं सूत ताणलं. आयडलरच्या मागच्या कडेच्या खाचेपासून खाली क्रँकच्या पुलीच्या खाचेपर्यंत. सूत खाचेच्या मध्यात पडायला हवं होतं. ते सुमारे तीन मिलिमीटर पुढच्या बाजूला पडलं. मला वाटलं आयडलरची बैठक वाकली असेल. ती सरळ होती. मग जनरेटरच्या बाजूनं सूत लावलं, तिथेही तेच, त्याच दिशेनं, तेवढंच. वरच्या दोन वेगवेगळ्या पुल्या एकाच अंतरानं चुकतात याचा अर्थ त्या दोघी बरोबर आहेत आणि खालची सरकली आहे.

पण क्रँकची पुली सरकेल कशी? माझ्याकडे १९६१ चं कारखान्याचं दुरुस्तीचं पुस्तक आहे, त्याप्रमाणे ती एकसंध पोलादी पुली, मोठ्या बोल्टनं क्रँकवर आवळलेली. बोल्ट घट्ट होता. दोन दिवस मी त्याच पानावर अडकून होतो.

मग एक जुनी नोंद आठवली. आदल्या वर्षी इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, दोनदा बदलावं लागलं होतं. टायमिंग लाइटखाली खूण बरोबर जागी दिसायची, पण इंजिन चढावर खणखणायचं. कानानं मागे-पुढे केलं की बरं चालायचं, मग मात्र खूण भलतीकडेच दिसायची. तेव्हा मी ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला दोष दिला होता. टायमिंगची खूण असते क्रँकच्या पुलीच्या बाहेरच्या कडेवर. ती कड पुढे-मागे सरकलीय आणि गोलही फिरलीय, असं धरलं तर दोन्ही तक्रारींचं उत्तर एकच निघत होतं. आणि एकसंध पुलीची कड फिरू शकत नाही.

म्हणून मी इंजिनाचा नंबर बघितला, जो पहिल्या दिवशीच बघायला हवा होता. इंजिनाच्या वरच्या बाजूला, जनरेटरच्या बैठकीजवळ कोरलेला असतो. तेल-धूळ पुसावी लागते. सुरुवातीचं ‘टी’ म्हणजे न्यूयॉर्क राज्यातला टोनावांडाचा कारखाना, जिथे ही इंजिनं बनायची. पुढची अक्षरं कोड-यादीशी ताडून पाहिली. माझ्या १९६१ च्या वॅगनमध्ये १९६४ चं ११० हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. आधीच्या कुणा मालकानं कधीतरी बदललेलं, वर जुन्याच इंजिनाचा पोलादी पंखा चढवलेला. आकार सारखा दिसतो, बाहेरून कळत नाही. १९६१ चं इंजिन १४५ घन इंचांचं. १९६४ मध्ये क्रँकचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, वाढवून ते १६४ घन इंचांचं झालं. लांब स्ट्रोकमुळे क्रँकला येणारी थरथर जिरवायला ११० हॉर्सपॉवरच्या इंजिनावर साध्या पुलीऐवजी हार्मोनिक बॅलन्सर बसवला. आतला गाभा वेगळा, बाहेरचं जड कडं वेगळं आणि दोघांच्या मध्ये रबराचा थर. बेल्टची खाच त्या बाहेरच्या कड्यावर. साठ वर्षांनी रबर कडक होतं, भेगाळतं, पकड सोडतं आणि कडं गाभ्यावर हळूहळू सरकत जातं. मी दोन वर्षं गाडीचं पुस्तक वाचत होतो, इंजिनाचं नाही.

खात्री करून घ्यायला एक सोपी परीक्षा आहे आणि ती मी आता प्रत्येक कॉर्व्हेअरवाल्याला सांगतो. पुलीचा दर्शनी भाग साफ करा, गाभ्यापासून रबरावरून बाहेरच्या कड्यापर्यंत पांढऱ्या ऑइलपेंटची एक सरळ रेघ ओढा, सुकू द्या. पन्नासेक मैल गाडी चालवा, मधूनमधून वेग कमी-जास्त करा. परत येऊन बघा. रेघ अखंड असेल तर बॅलन्सर ठीक आहे. कड्यावरची रेघ गाभ्यावरच्या रेघेपासून सरकलेली दिसली तर दुसरं काही शोधू नका. माझी रेघ बोटभर सरकली होती.

बॅलन्सर काढणं हे काम शनिवार-रविवार खातं. माझ्या गाडीत इंजिनाला खालून जॅकचा आधार देऊन मागचा माउंट सोडवावा लागला, तेव्हा कुठे पुलर, म्हणजे पुली ओढून काढायचं अवजार, बसायला जागा झाली. पुलर गाभ्याला लावायचा. बाहेरच्या कड्याला जबडे अडकवून ओढलंत तर उरलंसुरलं रबर तुटून कडं हातात येतं आणि गाभा तिथेच राहतो. हातोडा तर नकोच, क्रँकवर मार बसतो. निघाल्यावर लक्षात आलं की रबर एका बाजूनं फुगून बाहेर आलं होतं. नीट विजेरी धरली असती तर गाडीत असतानाही ते दिसलं असतं. जुना देऊन नवं रबर भरलेला बॅलन्सर घेतला. त्याच वेळी क्रँकचं ऑइल सीलही बदलून टाका, कारण तिथून झिरपणारं तेल थेट पुलीवर उडतं आणि तेलकट बेल्ट कितीही नीट लावला तरी टिकत नाही.

बसवल्यावर पुन्हा सूत लावलं. दोन्ही बाजूंनी खाचेच्या मध्यात. टायमिंग नव्यानं केलं, खूण आणि कान दोन्ही एकमेकांशी जुळले. चढावरची खणखण गेली. पोलादी पंख्याच्या जागी हलका पंखाही मिळवून बसवला. तो नसता तरी चाललं असतं असं मला वाटतं, पण पाय उचलल्यावर मागून येणारी एक घरघर त्यानंतर बंद झाली, हे खरं. आठवा बेल्ट आता एकोणीसशे मैल चालला आहे आणि कडा अजून मऊ आहेत.

तुमच्या गाडीला हे किती लागू पडतं? १९६१-६३ चं मूळ साधं इंजिन असेल तर पुली बहुधा एकसंध असेल आणि दोष बेल्ट, ताण, खाच, बेअरिंग यांतच सापडेल. १९६५ नंतरच्या ९५ हॉर्सपॉवरच्या इंजिनावरही एकसंध पुली आहे. ११०, १४० आणि टर्बो इंजिनांवर बॅलन्सर असतो, तिथे आधी पांढरी रेघ ओढा आणि मग बाकीचं. १९६५ पासून जनरेटरऐवजी अल्टरनेटर आला, पण बेल्टची वाट आणि अट तीच. नुकती विकत घेतलेली गाडी असेल तर इंजिनाचा नंबर आधी बघा. या गाड्यांची इंजिनं साठ वर्षांत कितीदा अदलाबदल झाली असतील सांगता येत नाही.

आणि बेल्ट जागेवर असताना इंजिन तापत असेल तर त्रास वेगळा आहे: इंजिनाखालच्या हवेच्या झडपा उघडतात का, त्यांचा थर्मोस्टॅट जिवंत आहे का, आणि सिलिंडरभोवतीच्या थंडाव्याच्या पातळ पात्यांत उंदरांनी हिवाळ्यात घर केलंय का ते बघा. मिशिगनमध्ये गॅरेजात उभ्या गाडीत हे हमखास होतं. हिटरमधून तेलाचा वास येत असेल तर पुशरॉडच्या बारा नळ्यांच्या चोवीस ओ-रिंग बघा. जुन्या रबराच्या असतील तर व्हायटॉनच्या, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या रबराच्या घाला. त्यावर सवडीनं लिहीन.

लोक विचारतात, एवढं कशाला? माझ्या आजोबांच्या तोंडी ‘शेवरलेट’ हा शब्द होता. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला शेवरले जुळवत असे, आणि नंतर कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये डॉज, प्लिमथ, डिसोटो जुळू लागल्या. त्या मोठ्या, भरभक्कम अमेरिकन गाड्या. मला वेड लागलं ते त्यांच्या चाकोरीबाहेर गेलेल्या भावंडांचं. क्रायस्लरनं एकूण फक्त ५५ बनवलेली टर्बाइन कार, जिच्यात पिस्टनच नाहीत. मागचं छप्पर सरकवून उंच फ्रीज उभा नेता येणारी स्टुडबेकर वॅगोनेअर. टर्बोबरोबर पाणी आणि अल्कोहोलची टाकी वागवणारी १९६२ ची ओल्ड्समोबाइल जेटफायर. या प्रत्येकीत कुणीतरी ठरलेली वाट सोडून धाडस केलं होतं, आणि त्या धाडसाच्या खुणा आजही हातात पाना घेऊन बघता येतात.

लेकवूड त्यांतली माझ्या आवाक्यातली. माझ्या गाडीच्या चासी नंबरातला ‘डब्ल्यू’ म्हणजे विलो रन. दुसऱ्या महायुद्धात फोर्डनं जिथे बी-२४ बॉम्बर विमानं बनवली, युद्धानंतर जिथे कैसर-फ्रेझर गाड्या बनल्या, तोच कारखाना पुढे जनरल मोटर्सकडे आला आणि १४ मे १९६९ ला शेवटची कॉर्व्हेअर तिथूनच बाहेर पडली. माझ्या घरापासून वीसेक मिनिटांवर. वॅगन जेमतेम दीड वर्षं बनली. १९६२ च्या मध्यात ती बंद केली, कारण त्याच रांगेत उघड्या छपराच्या गाड्यांना जागा हवी होती. म्हणजे विकली जात होती तरी जागेअभावी गेली. मागे इंजिन, पुढे डिकी, मध्ये माणसं आणि इंजिनाच्या डोक्यावर सामान: अशी रचना अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही कारखान्यानं स्टेशन वॅगनसाठी केली नाही. तिचा बेल्ट उतरतो म्हणून तिला झाकून ठेवणं मला जमणार नव्हतं.

गाडीत आता कायम काय ठेवतो ते सांगून थांबतो. मढवलेला एक जादा बेल्ट, ९/१६ चा पाना, आयडलर सरकवायला एक छोटी पहार, जाड हातमोजे, कपाळाला लावायची विजेरी आणि बारा हात सुताची गुंडी. हे सगळं पुढच्या डिकीत, मागे अजिबात नाही, कारण मागे सामान असणार. बेल्ट चढवताना तो आधी क्रँकच्या पुलीत बसवा, मग जनरेटर, मग पंखा आणि शेवटी ढिला केलेला आयडलर. स्क्रू ड्रायव्हरनं उचकायचं नाही. चढवून झाल्यावर इंजिन सुरू करण्याआधी पुली हातानं पूर्ण एक फेरी फिरवून चारही पीळ नीट बसलेत ना ते बघा.

परवा मखर घेऊन जायच्या आधी झाकण उघडून पांढरी रेघ बघितली. सरळ होती.